तुझ्या वतीने दिलेली साक्ष

सदा,

तुझे तेरावे झाले, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, आणि दुसऱ्याच दिवशी मला तुझ्या विद्यापीठाचा राग आला. दुःखाला अजून नीट बसायला जागा मिळाली नव्हती, तेवढ्यात राग येऊन बसला. तुला याचे आश्चर्य वाटणार नाही. एस.टी.च्या थांब्यावरचा दिवा गेला तरी मी अर्ज करतो, नळाला गढूळ पाणी आले तर बाटली भरून कचेरीत नेऊन ठेवतो आणि पोच घेतल्याशिवाय उठत नाही. न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाची ही खोड. तुला तिची मोठी गंमत वाटे. संध्याकाळी मी तुमच्या खळ्यात पाऊल टाकले की पडवीतून आवाज यायचा, "इलो वादी. बस. आज कोणावर?"

आज विद्यापीठावर, सदा. आणि थोडा तुझ्यावरही.

तुझा जन्म, तुझ्या पदव्या, तुझी पदे हे सगळे मी येथे लिहिणार नाही. ते विद्यापीठाने आपल्या शोकठरावात लिहिले आहे. त्या ठरावासोबत दोन कागद आले. एक संमतिपत्र: पेट्रोलियम अभियांत्रिकी विभागाच्या नव्या प्रयोगशाळेला तुझे नाव देण्यास कुटुंबाची हरकत नाही, असे. दुसरा, विभागाच्या इतिहासाच्या पुस्तिकेतले एक पान, जे उद्घाटनाच्या दिवशी वाटले जाणार आणि ज्यातला मजकूर तुझ्या नावाच्या पाटीखाली कोरला जाणार. सुमतीवहिनींनी चष्मा शोधण्याचा कंटाळा केला आणि पाकीट माझ्या हातात दिले. मी मोठ्याने वाचू लागलो. "स्थापनेपासून अखंड मान्यता लाभलेला हा विभाग..." आणि तिथेच थांबलो.

"भावोजी, थांबलात कित्याक?" वहिनींनी विचारले.

मी त्यांना सांगितले की 'अखंड' या शब्दाला माझी हरकत आहे. त्या विभागाची मान्यता खंडित झाली होती, हे या घरात कोणाला सांगावे लागत नाही. ती कोणाच्या तोंडून खंडित झाली, हेही नाही.

सुरुवातीपासून सांगतो. तुला नव्हे, हे वाचणाऱ्यांना.

दूर उत्तरेला समुद्राखाली तेल सापडल्याच्या बातमीने तेव्हा सगळा किनारा हुरळून गेला होता. मालवणच्या बंदरावर मासेवाले तुला गाठून विचारत, तेल आपल्याकडे कधी निघणार, आणि निघाल्यावर बांगड्याला रॉकेलचा वास येईल का. तू त्यांना गंभीरपणे उत्तरे द्यायचास. त्याच सुमारास विद्यापीठाने तुला बोलावून विभाग काढायला सांगितले. विभाग म्हणजे छापखान्याचे जुने गोदाम, एक फळा, काही बाके आणि यंत्रांच्या मागणीचा अर्ज. तो अर्ज मंजुरीच्या वाटेवर इतका काळ फिरला की मला त्या अर्जाविषयी बंधुभाव वाटू लागला होता.

तू मला तेव्हा समजावलेस की तेलाची विहीर खणताना तिच्यात सतत चिखल फिरवत राहावा लागतो. साधा नव्हे, मुद्दाम कालवलेला. तोच खालून खडकाचा चुरा वर आणतो आणि तोच खालच्या वायूला दाबून धरतो. पातळ झाला तर वायू उसळून वर येतो, दाट झाला तर पंप बसतो. "घावन्याचा पीठ पातळ, आंबोळीचा दाट," तू म्हणालास, "माझो चिखल दोघांच्या मधलो." तो चिखल किती दाट आहे हे पाहायचे तर एका ठरावीक नरसाळ्यातून तो ओतून किती वेळात गळून जातो ते मोजतात. नरसाळे परदेशातून यायचे होते. मुले आलेली होती.

तू मालवणला आलास आणि घरामागच्या ढिगातून पोतेभर करट्या, म्हणजे नारळाच्या करवंट्या, निवडून घेतल्यास. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एकच मऊ असतो, हे इथल्या कुठल्याही घरात माहीत आहे. तो एक डोळा खिळ्याने फोडला की करटीचे नरसाळे होते. पण तुझी खरी अक्कल याच्या पुढची होती. कुठल्याही दोन करट्या सारख्या नसतात. म्हणून तू नियम केलास: प्रत्येक विद्यार्थ्याने आपली करटी आपण फोडायची, आधी तिच्यातून साधे पाणी सोडून तिची चाल ओळखायची आणि मगच तिच्यात चिखल घालायचा. दुसऱ्याच्या करटीवर घेतलेला आकडा वहीत लिहायचा नाही. ज्याने लिहिला त्याचा प्रयोग रद्द.

ते पोते विद्यापीठात नेताना मी तुझ्यासोबत होतो. सावंतवाडीहून वर जाणाऱ्या गाडीत कंडक्टरने पोत्याचे सामान-भाडे मागितले. मी नियमावर बोट ठेवून वाद घातला, की रिकाम्या करट्या हा माल नव्हे. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "करट्यो खंय नेतास? थंय जाळूक लाकडा गावनत नाय काय?" तू म्हणालास, "ह्या कॉलेजचा यंत्र आसा." गाडीतले सगळे लोक हसले. आंबोलीला गाडी थांबली, बाहेर धुक्यात काही दिसत नव्हते, चहाच्या टपरीवर वाद पुढे चालू राहिला आणि शेवटी तू माझ्या नकळत भाडे भरून टाकलेस. मी तुझ्याशी पुढचा सगळा रस्ता बोललो नाही. मला खटला जिंकायचा होता आणि तुला फक्त पोचायचे होते. पुढे आपल्या दोघांत जे काही झाले ते सगळे याच नमुन्याचे होते.

विभागाला नाव मिळाले ते त्या गोदामात. कंपन्यांची माणसे म्हणू लागली की या विभागातला मुलगा चिखलात हात घालतो आणि आकडा खोटा सांगत नाही. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर, वाळवंटातल्या विहिरींवर तुझी मुले गेली, आणि म्हणे कित्येकांच्या सामानात एक भोकाची करटी असे. नरसाळी आल्यानंतरही तू पहिल्या वर्षाला करटी सोडली नाहीस. मी हे सगळे तुझ्याकडून कधी ऐकले नाही. मला ते सुट्टीत घरी आलेल्या मुलांनी सांगितले. म्हणून माझ्या मिलिंदला अभियांत्रिकीला घालायची वेळ आली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलेही नाही. लोक म्हणत, विभागाचे नाव मोठे आहे. मी विभागाच्या नावावर मुलगा पाठवला नाही, सदा. तुझ्या नावावर पाठवला.

मग गोदाम गेले आणि काचेची इमारत आली. अर्ज मात्र तसेच फिरत राहिले. नव्या इमारतीत यंत्रांच्या जागा आखलेल्या होत्या, टेबलांवर नावांच्या पट्ट्याही होत्या, फक्त यंत्रे नव्हती. आणि मान्यतेच्या तपासणीची समिती यायची ठरली.

त्या काळात काय चालत असे हे सगळ्यांना ठाऊक होते. तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या महाविद्यालयांतून टेम्पो भरून यंत्रे यायची, त्यांच्यावर आपल्या पट्ट्या डकवल्या जायच्या, समिती पाहून जायची आणि यंत्रे परत जायची. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे तपासणी असली की आपली काही जायची. यात कोणाला पाप वाटत नव्हते. तुझ्या संचालकांनी तुला समजावले की लग्नघरी शेजारची पातेली आणतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. तू म्हणालास की खरे आहे, पण जेवणे झाल्यावर पातेली आमचीच आहेत असे कोणी सांगत नाही. ते हसले. त्यांना वाटले, तू विनोद केलास आणि विषय संपला.

समितीतल्या एका गृहस्थांनी टेम्पोतून आलेल्या त्या चकचकीत यंत्रापाशी थांबून तुला गेल्या वर्षीच्या प्रयोगांच्या नोंदी मागितल्या. तू म्हणालास की हे यंत्र काल आले आणि उद्या जाणार आहे. गेल्या वर्षीचे प्रयोग झाले ते यांच्यावर, असे म्हणून टेबलाखालची टोपली काढून करट्या मांडल्यास. ते गृहस्थ आधी हसले, मग तुझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

मान्यता गेली. काही वर्षांनी परत मिळाली, यंत्रेही खरोखरची आली, पण ते नंतर. त्या वर्षी भरतीला येणाऱ्या कंपन्यांनी येणे रद्द केले. त्या वर्षी शेवटच्या वर्गात मिलिंद होता.

माझा मुलगा आज वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात पंप आणि यंत्रे सांभाळतो. कोळ्यांची जाळी येतात तेव्हा त्याचा बर्फ तयार असतो. त्याचे घर आहे, संसार आहे, त्याला मान आहे. पण ज्या विहिरीसाठी तो चिखल कालवायला शिकला, ती विहीर त्याने कधी पाहिली नाही. हे मी तुला किती वेळा ऐकवले, ते तुलाच माहीत.

माझे म्हणणे कधीच असे नव्हते की तू खोटे बोलायला हवे होतेस. माझे म्हणणे कार्यपद्धतीचे होते आणि आजही आहे. यंत्रे उसनी आणली जाणार हे तुला आधी कळले होते. त्याच दिवशी कुलसचिवांना लेखी हरकत द्यायची होती, प्रत संचालकांना, पोच घेऊन. मग त्यांना ती यंत्रे आणायची हिंमत झाली नसती, तपासणी पुढे ढकलली गेली असती आणि पोरांचे वर्ष वाचले असते. तू खरे बोललास, पण चुकीच्या दिवशी, चुकीच्या माणसासमोर, आणि दंड तिसऱ्याच कोणाला झाला. कुठल्याही न्यायालयात मी हा मुद्दा मांडेन.

तुझे उत्तर ठरलेले होते. "लिवलंय असतंय तर फायलीत गेला असता."

"फायल म्हणजे पुरावो," मी म्हणायचो.

"पुरावो कोणाक व्हयो होतो? तेणी इचारल्यानी, माका खोटा बोलूक जमाक नाय. इतक्याच." आणि थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "चुकीचो आकडो विहिरीवर माणूस मारता रे."

"आणि गेलेली मान्यता?" मी विचारायचो. "ती काय करता?"

यावर तू चहाचा पेला खाली ठेवायचास, समुद्राच्या बाजूला पाहायचास आणि मला विचारायचास की भरती आज किती वाजता आहे. भरतीची वेळ तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असे. मी ती सांगायचो, कारण प्रश्न विचारला की उत्तर देणे ही माझी सवय आहे. मला तुझ्याकडून एकच वाक्य हवे होते. 'चुकलो' असे नव्हे. 'माझ्या खरे बोलण्याने पोरांचे नुकसान झाले' एवढेच. तेही खरेच होते, आणि खरे बोलणे तुला जमत होते, असे तुझे म्हणणे होते. निवृत्त होऊन तू मालवणला परत आल्यापासून मी जवळजवळ रोज संध्याकाळी तुमच्या पडवीत आलो ते, तुला वाटत असे, चहासाठी. मी त्या वाक्यासाठी येत होतो.

आणि तरीही, सदा, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. त्या वर्षी मिलिंद ट्रंक घेऊन घरी परतला तेव्हा त्याच आठवड्यात तू रजा घेऊन माझ्या दारात आलास. मी तुला बस म्हटले नाही. तू बसलास. मी तोंडाला येईल ते बोललो, तू ऐकलेस आणि जेवायच्या वेळेला उठून गेलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास. संचालक तुला फितूर म्हणाले, मोठ्या हुद्द्यांवरच्या तुझ्याच विद्यार्थ्यांनी तुझ्याशी बोलणे टाकले, आणि तू जिथे बोलणी खायची ठरलेली होती तिथे येऊन बसत राहिलास. मी आयुष्यात अनेकांवर रागावलो. बहुतेकांनी वाट बदलली. तू माझ्या रागाला पाठ दाखवली नाहीस. माझी मैत्री टिकली ती माझ्यामुळे नाही, हे मला चांगले माहीत आहे.

आता पाकिटाकडे येतो.

मी त्याच दिवशी उत्तराचा मसुदा केला. तुला तो आवडला असता, म्हणजे तू तो वाचून हसला असतास. त्यात पुस्तिकेतल्या 'अखंड' आणि शोकठरावातल्या 'निष्कलंक' या दोन्ही शब्दांवर स्वतंत्र परिच्छेद होते, ज्या माणसाला जिवंतपणी फितूर ठरवले त्याच्या नावाचा मरणोत्तर वापर करण्याच्या अधिकारावर एक परिच्छेद होता, आणि शेवटी संमती नाकारून पुढील कार्यवाहीचा हक्क राखून ठेवलेला होता. मी तो तुमच्या पडवीत वहिनींना वाचून दाखवला. त्या सुपात आमसुले निवडत होत्या. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी मला विचारले की असे लिहिल्यावर पाटी लागेल का. मी म्हटले, नाही. म्हणूनच लिहिले आहे.

"माका पाटी व्हयी, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "एक पाटी तरी ऱ्हवांदे तेंच्या नावाची थंय. जल्म घातल्यानी."

मी म्हटले, खोट्या मजकुरावर? त्या म्हणाल्या, नाही, खोट्यावर नको. मग काय लिहू म्हणता, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"तुमी भांडाक लिवतास. तेंनी कधी भांडाण केल्यानी नाय. इचारल्यावर सांगल्यानी, इतक्याच. तुमीय तितक्याच लिवा."

मी माझा मसुदा घडी करून खिशात ठेवला. खरे सांगायचे तर तो अजून खिशात आहे. आणि मी नवा लिहिला, एका वाक्याचा. वहिनींची संमती आहे, परंतु 'अखंड' हा शब्द काढून त्या जागी पुढील वाक्य पुस्तिकेत आणि पाटीवर यावे: 'तपासणीच्या वेळी त्यांनी समितीला खरे सांगितले, म्हणून विभागाची मान्यता काही काळ गेली होती.' आयुष्यात इतके लहान पत्र मी कोणाला लिहिलेले नाही. वहिनी म्हणाल्या, बरे आहे. सही करायला त्यांनी पेन उचलले आणि मी ते त्यांच्या हातून परत घेतले.

कारण वाक्य अर्धे होते. वर्षानुवर्षे तुझ्याकडून ज्या अर्ध्यासाठी मी वाद घातला, तेच अर्धे मी स्वतः लिहिताना गाळले होते. तुझ्या तेराव्याच्या मागोमाग तुझ्यावर आरोप कसा ठेवावा, या संकोचाने. मी पुढे जोडले: 'आणि त्यात त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे नुकसान झाले.' वहिनी म्हणाल्या की हे माझे नाही, मिलिंदचे आहे, त्याला विचारा.

मी वेंगुर्ल्याला गेलो. कारखान्याच्या दारात पाण्याचा पाट वाहत होता आणि मिलिंद पँट दुमडून उभा होता. मी त्याला दोन्ही वाक्ये वाचून दाखवली. त्याने हात पुसले, कागद घेतला, पुन्हा वाचला.

"बाबानू, काकांचो राग माका नाय," तो म्हणाला. "पण 'त्याच्यामुळे तुझा बरा झाला' असा कोणी म्हणता, तेव्हा माका राग येता. बरा होवक नाय. दुसरा झाला. इतक्या लिवा."

मी म्हटले की कागदावर तेवढेच आहे. तो म्हणाला, मग असू दे. आत जाताना वळून त्याने विचारले की विभागात अजून पहिल्या वर्षाला करटी देतात का. मला माहीत नव्हते.

पत्र गेले. काही दिवसांनी वहिनींच्या फोनवर विभागप्रमुखांचा फोन आला. तुझी विद्यार्थिनी. नाव सांगितले की तू लगेच ओळखशील. मी तेव्हा पडवीत होतो, वहिनींनी फोन माझ्याकडे दिला. बाई नम्रपणे बोलल्या. 'अखंड' काढून टाकला आहे, म्हणाल्या. वाक्याचा पहिला भाग आताच्या संचालकांना मान्य आहे, इतकेच नव्हे, आवडला आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला त्यांच्याच खुर्चीने फितुरी म्हटले, ते आता प्रतिष्ठेचे झाले. विभागाकडे विद्यार्थी कमी येतात, तेलाचे दिवस सरले असे लोक म्हणतात, तेव्हा सत्यवचनी संस्थापक असलेला बरा. हे मी त्यांना ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले. तुझ्याच शिष्या.

मग त्या म्हणाल्या की अडचण दुसऱ्या भागाची आहे. उद्घाटनाला नवे विद्यार्थी असणार, त्यांचे पालक असणार. आणि तिथे पहिल्याच भिंतीवर 'नुकसान' असा शब्द. काढता येईल का?

मी म्हटले, दोन्ही राहतील किंवा काहीच नाही.

बाईंचा आवाज बदलला. त्या तपासणीच्या वर्षी त्या पहिल्या वर्षाला होत्या, असे त्यांनी सांगितले. त्यांनाही पुढे वर्षभर घरी बसावे लागले होते. हे मला माहीत नव्हते. "काका, मला फक्त एक सांगा," त्या म्हणाल्या. "सर असते तर हा दुसरा भाग त्यांनी ठेवला असता का? तुम्ही त्यांना रोज भेटत होतात. तुम्ही हो म्हणालात तर मी संचालकांशी भांडेन. नाही म्हणालात तर काढीन."

सदा, मी उभा होतो तो तुझ्या आरामखुर्चीशेजारी. खुर्ची अजून तिथेच आहे, वहिनी कोणाला हलवू देत नाहीत. मला न्यायालयातले सगळे नियम तोंडपाठ आहेत. साक्षीदाराने जे स्वतः पाहिले किंवा ऐकले तेवढेच सांगावे. तर्काला साक्ष म्हणत नाहीत. तुझ्या तोंडून ते वाक्य मी कधी ऐकले नव्हते. प्रामाणिक उत्तर एकच होते: मला माहीत नाही.

पण मला तुझ्या शेवटच्या दिवसांतली ती दुपार आठवली. तुला माणसे ओळखू येत नव्हती. डॉक्टर येऊन गेले होते. मिलिंद वेंगुर्ल्याहून आला होता आणि तुझ्या पायाशी बसून तळव्यांना खोबरेल लावत होता. तू डोळे उघडलेस, त्याच्याकडेच पाहिलेस, आणि कोणा परक्याला विचारावे तसे विचारलेस, "मिलिंद बरो आसा मां?"

मिलिंदचा हात थांबला नाही. तो म्हणाला, "बरो आसंय, काका."

तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस.

तेव्हा मी त्यातून काही काढले नाही. म्हातारपणाचा भ्रम, एवढेच. पण फोन कानाशी धरून उभा असताना माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न मी रोज ऐकत होतो. "इलो वादी, बस, आज कोणावर" झाले की, चहा यायच्या आधी, मी माझा मुद्दा मांडायला सुरुवात करण्याच्या आधी, तू हे विचारायचास. एक दिवस चुकला नाहीस. मी त्याला रीत समजत होतो. वडिलांना मुलाची ख्यालीखुशाली विचारतात, तशी. रोज मी "बरो आसा" म्हणायचो आणि रोज, त्यानंतर, तुझ्याकडून एक वाक्य काढायच्या खटपटीला लागायचो.

कायद्यात प्रत्यक्ष पुरावा नसतो तेव्हा परिस्थितीजन्य पुरावा चालतो, अट एकच, की साखळीतली एकही कडी सुटलेली नसावी. मी कड्या मोजल्या नाहीत. पण एकही सुटलेली मला आठवेना.

मी बाईंना सांगितले, "ठेवला असता."

मग ठीक आहे, म्हणाल्या, मी भांडते. फोन ठेवण्याआधी मी त्यांना मिलिंदचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या की मध्यंतरी ते बंद पडले. करट्या मिळत नाहीत तिथे. मी म्हटले की मालवणातून पाठवतो.

वहिनींनी सगळे ऐकले होते. आत जाऊन त्यांनी चहा टाकला, आणि घरामागून पोते शोधून आणायला मला सांगितले.

तर असे झाले आहे. पाटी लागेल की नाही, मला माहीत नाही. संचालक काय म्हणतील, माहीत नाही. पण ज्या विभागात उसने यंत्र आपले म्हणून मांडले तेव्हा तू गप्प बसला नाहीस, त्याच विभागाच्या भिंतीवर मी तुझे न बोललेले वाक्य तुझे म्हणून लावायला निघालो आहे. हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. दुपारी पोत्यासाठी करट्या निवडताना, मऊ डोळा अंगठ्याने चाचपताना, तू काय म्हणाला असतास ते माझ्या डोक्यात फिरत राहते. कार्यपद्धतीविषयी माझे मत बदललेले नाही. ते मी तुझ्या तोंडावर पुन्हा सांगेन. मात्र ही साक्ष मी दिली, हेही तेवढेच खरे, आणि ती मागे घेणार नाही. तुला ती खोटी वाटत असेल तर तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क फक्त तुझा आहे. संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी तुमच्या पडवीत असतो. उलटतपासणीला ये, सदा. पहिला प्रश्न कोणता विचारशील, ते मला माहीत आहे.